ठरावातलं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. ही फुशारकी नाही. पुढं जे सांगायचं आहे त्यात फुशारकीला जागाच उरत नाही. वडील पोस्टात होते आणि रोज दोन पानं शुद्धलेखन लिहून घेतल्याशिवाय मला जेवायला बसू देत नसत. तेव्हा त्यांचा फार राग यायचा. पुढं गोंडपिपरीकडच्या एका गावात हायस्कूलला मास्तर म्हणून लागलो आणि त्या दोन पानांचं चीज झालं. लग्नपत्रिकांवरची नावं, शारदा मंडळाचा फलक, शाळा सोडल्याचे दाखले, सगळं माझ्याकडं यायचं. गावात कुणाला काही नीट लिहून हवं असलं की "सरले सांगा" एवढंच म्हणायची पद्धत पडली होती. मलाही ते आवडायचं.

शाळेत मी इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या पुस्तकात मागच्या पानांवर बसवलेला विषय आहे. बहुतेक मास्तर लढाया आणि तह संपवता संपवता थकतात आणि राज्यकारभार शेवटच्या आठवड्यात उरकून टाकतात. मी तसं कधी केलं नाही. थंडीच्या दिवसांत वर्ग बाहेर उन्हात बसवायचा आणि कायदे कोण करतं, ते राबवतं कोण, भांडण झालं तर न्याय कोण देतं, हे सावकाश सांगायचं, असा माझा शिरस्ता. भिंतीवर मी स्वतः तक्ता रंगवला होता. सगळ्यात खाली ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद, मग राज्य आणि शेवटी केंद्र. एकाकडून दुसऱ्याकडं जाणारे लाल बाण. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, बाण खाली येत नाई का?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो, आणि तो प्रश्न तिथंच राहिला.

ही मुलगी सहावीत होती. गावाच्या खालच्या टोकाला ढिवरांची वस्ती आहे, तिथली. वस्तीचं सगळं पोट गावच्या मोठ्या तलावावर. पुरुष पहाटे जाळी टाकतात, बायका टोपलीत मासे घेऊन आजूबाजूच्या गावांत आणि आठवडी बाजारात बसतात. तिची आई अशीच बाजारात बसणारी. शाळेच्या दाखलनोंदीत दरवर्षी मुलीच्या नावापुढं मी आईचंही नाव लिहायचो, म्हणून नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट ते मला तोंडपाठ होतं. मुलगी वर्गात फारशी बोलत नसे, पण तिचं अक्षर सहावीत सगळ्यात चांगलं होतं. फळ्यावरचं माझं अक्षर ती जसंच्या तसं गिरवायची. माझ्या 'ळ'ला शेवटी एक छोटीशी शेपटी येते. वडिलांनी ती मोडायचा खूप प्रयत्न केला होता. ती शेपटी या पोरीच्या वहीत मी पाहिली तेव्हा मला भलताच आनंद झाला होता.

ग्रामसभेचा धडा माझा लाडका. मी तो एका ठरलेल्या वाक्यानं सुरू करायचो. "दिल्लीत तुमच्या वतीनं दुसरा कोणी बोलतो, मुंबईत तुमच्या वतीनं दुसरा कोणी बोलतो. ग्रामसभेत मात्र तुमची आई स्वतः बोलते." हे वाक्य चांगलं जमलंय असं मला वाटायचं, त्यामुळं ते दरवर्षी त्याच जागी यायचं. मग वर्गाचीच ग्रामसभा भरवायची. त्या वर्षीचा विषय होता पिण्याच्या पाण्याचा माठ. माठ ओट्यावर होता. ही मुलगी उठली आणि म्हणाली, पाचवीच्या पोरांचा हात तिथं पुरत नाही, तर माठ खालच्या पायरीवर सावलीत ठेवावा. हात वर झाले, ठराव मंजूर झाला, तिनंच तो वहीत लिहून काढला. मधल्या सुट्टीत आम्ही माठ उचलून खाली ठेवला. ती बराच वेळ त्या माठाकडं बघत उभी होती. आपण बोललो आणि वस्तू जागची हलली, हे तिला नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "सर, खऱ्या ग्रामसभेत माही आई बोलू शकते का?"

"शकते म्हणजे? तिचा हक्क आहे तो."

"मंग तलाव राह्यते का?"

कुठला तलाव, काय झालं, असं मी विचारलं. तिनं घरात ऐकलेलं सांगितलं. मोठा तलाव बाहेरच्या कुणा ठेकेदाराला देणार आहेत. एकदा दिला की वस्तीतल्या कुणाला त्यात जाळं टाकता येणार नाही. तिचे वडील म्हणाले होते, आपल्याले कोणी इचारलं बी नाई. मी हे पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि मला चांगलाच ताव चढला. ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावचा तलाव कुणी देऊ शकत नाही, मी म्हणालो. सव्वीस जानेवारीला सभा आहे, आईला सांग, ये आणि सगळ्यांसमोर बोल. आजूबाजूची दोन-चार पोरं ऐकत होती, म्हणून मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

आमच्या गावात ग्रामसभा कशी होते, ते इथं सांगायला हवं. सभेच्या आधी तीन-चार दिवस पंचायतीचा शिपाई रजिस्टर पिशवीत घालून निघतो. घराघरांत जातो, धानाच्या खळ्यावर जातो, बस थांब्यावर उभा राहतो, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जातो. सह्या घेतो, अंगठे घेतो. पानाचा वरचा भाग कोरा असतो. कुणी विचारत नाही आणि तो सांगत नाही. यात कुणाला फसवायचा बेत असतो असंही नाही. सभेच्या वेळी माणसं कामावर असतात, संख्या भरली नाही तर सभा तहकूब होते, मग पुन्हा सगळी यातायात. शिपाई गावातलाच, त्याच्या घरी लग्नाला सगळे जेवलेले. दारात आलेल्याला पाणी द्यावं तसा आमच्याकडं अंगठा देतात. नाही म्हणणं हा उद्धटपणा होईल.

मग मागाहून कधीतरी त्या कोऱ्या जागेत सभेचं कामकाज लिहायचं. ग्रामसेवकाकडं तीन गावांचा कारभार, त्यातून त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय दिल्यासारखं. तो गावात आला त्याच वर्षी मला म्हणाला, "सर, तेवढं उतरवून देत जा. वर कागद जाते, बरं दिसलं पाहिजे." तेव्हापासून मी उतरवत आलो. तो चिठ्ठीवर विषय लिहून द्यायचा, मी ते सरकारी भाषेत साफ करायचो आणि प्रत्येक ठरावाखाली एक सूचक आणि एक अनुमोदक टाकायचो. ठराव मांडणारा तो सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा तो अनुमोदक. ही नावं मी खालच्या सह्यांमधून उचलायचो. मधूनमधून ग्रामसेवक सुचवायचा, "एखाद्या बाईचं नाव येऊ द्या सर, महिलांचा सहभाग दिसते." मी टाकायचो. सकाळी वर्गात प्रत्यक्ष लोकशाही शिकवणारा मास्तर दुपारी पंचायतीच्या टेबलावर बसून लोकांनी न केलेली भाषणं लिहीत होता, आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्याला समाजसेवा समजत होतो. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा थोडा अभिमानच वाटायचा.

दोन ऑक्टोबरच्या सभेचं कामकाज मी दिवाळीनंतर लिहिलं. माझी सासुरवाडी वडश्याकडची. तिकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, जावई-लेकी गोळा होतात, नाटकं होतात. आम्हाला दुपारच्या गाडीनं निघायचं होतं, बायको पिशव्या भरून दारात बसली होती, आणि ग्रामसेवक रजिस्टर घेऊन आला. उद्या तालुक्याला द्यायचं आहे म्हणाला. अकरा विषय होते. मी घड्याळाकडं बघत ते भराभर उतरवले. एक अक्षरही वेडंवाकडं गेलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, प्रभातफेरी झाली, पोरांना लाडू वाटले. पंचायतीच्या पडवीत सतरंजी अंथरली. सभेला आलेली माणसं थोडी, लाडवासाठी रेंगाळलेली पोरं जास्त. आणि पुढच्या ओळीत, जिथं बायका कधी बसत नाहीत तिथं, मुलीची आई बसली होती. धुतलेलं लुगडं, केस चापून बसवलेले. त्या दिवशीचा बाजार तिनं बुडवला होता. मला पाहून तिनं हात जोडले. मुलगी भिंतीशी इतर पोरांत उभी होती.

सरपंच विषय वाचत होते तेवढ्यात ती उठली. "भाऊ, मले बोलाचं हाये."

सरपंच चांगला माणूस. "बोला ना बाई," म्हणाले.

"आमचा तलाव बाहेरच्याले देऊन राह्यले म्हणते. आमाले तं कोणी इचारलं नाई. आमी खाऊ काय?"

हात पदरात घट्ट धरलेले होते, पण आवाज हलला नाही. मला तिचं कौतुक वाटलं. त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, माझं मला कौतुक वाटलं.

ग्रामसेवक म्हणाला, "तो विषय मागच्या सभेतच झाला बाई. ठराव हाये."

"कोण केला ठराव?"

"गावानं केला. ग्रामसभेनं." आणि त्यानं रजिस्टर माझ्याकडं सरकवलं. "सर, वाचून दाखवा ना त्याईले. विषय नऊ."

मी पान उघडलं. विषय नऊ. आधी मनाशी वाचून पाहिलं. गट क्रमांक अमुक मधील जलक्षेत्र विकासाकरिता हस्तांतरित करणेस ग्रामसभेची हरकत नाही. लिहिताना ते जलक्षेत्र होतं, गट क्रमांक होता. तो आमचा मोठा तलाव आहे हे घड्याळाकडं बघणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं. त्याला कळून घ्यायचंही नव्हतं. सदर ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून गावातले एक म्हातारे गृहस्थ, जे हल्ली घराबाहेर पडत नाहीत. आणि अनुमोदक म्हणून समोर उभ्या असलेल्या या बाईचं नाव, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट.

मी ते वाचलं. अडखळलो, पण वाचलं. तिथं गप्प राहायचं किंवा दुसरं काही करायचं मला सुचलं नाही.

"माहं नाव?" ती म्हणाली. "मी तं त्या दिवशी आलीच नोती."

ग्रामसेवकानं पान तिच्याकडं वळवलं. "हा अंगठा कोणाचा हाये?"

ती वाकली. "अंगठा माहाच दिसते," ती म्हणाली. "पण तो शिपाईभाऊनं तलावावर घेतला. मी जाळं धुऊन राह्यली होती."

मागं कुणीतरी हसलं. शिपाई पायाच्या बोटांकडं बघत होता. सरपंच हळूच म्हणाले, "बाई, अंगठा देल्यावर मंग काय करता?" ती एकदा माझ्याकडं बघून खाली बसली.

त्याच वेळी मी उठून सांगायला हवं होतं की हे मी लिहिलं, हिला विचारल्याशिवाय लिहिलं. पडवीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. अक्षर कुणाचं हे आमच्या गावात लपत नाही. फक्त तिला माहीत नव्हतं, कारण तिला वाचता येत नाही. मी उठलो नाही. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक, पण मला भीती वाटली आणि मी गप्प बसलो. तेवढ्यात मुलगी कधी माझ्या बाजूला येऊन उभी राहिली ते कळलं नाही. आईचं नाव कुठं आहे ते बघायला आली होती. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं, बोट हळूहळू वर नेलं, 'सकाळी' या शब्दातल्या 'ळ'वर थांबली. मग पान सोडून मागं गेली. माझ्याकडं तिनं पाहिलं नाही.

पुढचे दोन महिने मी धावलो. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहायला हवं, जरी त्यातून काही निघालं नाही.

ठराव फिरवायचा तर ग्रामसभाच पुन्हा भरवावी लागेल, असं कळलं. मतदारांनी लेखी मागणी केली तर खास सभा बोलावता येते. मागणीचा अर्ज मी लिहिला. ढिवर वस्तीनं सह्या केल्या, या वेळी मी प्रत्येकाला वाचून दाखवलं आणि मगच अंगठा घेतला. सभा लागली ती फेब्रुवारीच्या शेवटी. आणि तिथंच घोडं अडलं. त्या दिवसांत आमच्याकडची निम्मी मजुरी करणारी घरं नदीपलीकडं तेलंगणात मिरची तोडायला जातात. दाराला कुलपं, अंगणात म्हातारी माणसं. वस्तीतलेही बरेच गेले, कारण तलावावर आता भरवसा राहिला नव्हता. कोरम भरला नाही. सभा तहकूब झाली. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे मीच वर्गात शिकवतो. ती दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी भरली, आलेल्या मोजक्या लोकांनी जुना ठराव कायम केला. तो ग्रामसेवकानं स्वतःच्या अक्षरात लिहिला. तो कुणाला वाचता येत नव्हता, पण तेवढ्यानं तो खोटा ठरत नाही.

मग बाईंना घेऊन तालुक्याला गेलो. साहेब सज्जन होते. खुर्ची दिली, बाईंनाही दिली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुम्ही शिक्षक आहात. ग्रामसभा सर्वोच्च असते, बरोबर ना? मग तिचा ठराव आम्ही वरून कसा मोडायचा? आम्ही मोडला तर तुम्हीच म्हणाल हुकूमशाही आहे." पुस्तकातलं वाक्यच होतं ते, मी शिकवलेलं. जिल्ह्याला गेलो. तिथं कळलं की तलावाचा विषय त्यांच्याकडं येतो, पण ठराव गावाचा आहे, तेव्हा आधी गावाकडून यायला हवं. माझ्या तक्त्यावरचा प्रत्येक चौकोन मी त्या वेळी पाहून आलो. सगळीकडं माणसं होती, फायली होत्या, प्यायला पाणी होतं. प्रत्येकानं दुसऱ्या चौकोनाचं नाव सांगितलं, आणि कुणीही कायद्याच्या बाहेर बोललं नाही.

शेवटी उरलं न्यायमंडळ. कोर्टाच्या आवारात एका वकिलांना भेटलो. त्यांनी ठरावाची नक्कल वाचली. "अंगठा बाईचा आहे. लिहिलं कोणी?"

"मी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही लिहून द्या, की हे खोटं आहे आणि मी लिहिलं. त्याशिवाय यात दम नाही."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या होत्या, मी शेजारी. वकिलांशी मी आत बोललो होतो, त्या बाहेर झाडाखाली थांबल्या होत्या. आता लपवून उपयोग नव्हता. मी म्हणालो, "बाई, ठरावातलं तुमचं नाव मी लिहिलं होतं."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. "पोरीनं त्याच दिवशी सांगतलं. सरचं अक्षर हाये म्हणे."

म्हणजे तालुक्याला, जिल्ह्याला, त्या सगळ्या बाकांवर त्या माझ्या शेजारी हे माहीत असून बसल्या होत्या. मला कुठं तोंड लपवावं कळेना. "मग तुम्ही काही बोलल्या का नाही?"

"काय बोलू, गुरुजी? अर्ज लिव्हाले गावात दुसरं कोण हाये?"

बाहेर सागाची पानं गळालेली, सगळं रान उघडं. मग त्यांनी विचारलं, आणि आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "एवढ्या बाया होत्या त्या कागदात. माहंच नाव काऊन टाकलं?"

मी खरं ते सांगितलं. "घाई होती. बाकी कुणाचं पूर्ण नाव शोधायला लागलं असतं. तुमचं मला पाठ होतं. शाळेत पोरीच्या नावापुढं लिहितो ना दरवर्षी."

"बरं," त्या म्हणाल्या.

मी लिहून दिलं, पण लगेच नाही. तीन आठवडे भीत राहिलो. नोकरीचं काय होईल, निवृत्तीला किती वर्षं राहिली, बायकोला काय सांगू, सगळं मनात घोळवलं. मग एक दिवस बसून एक पान लिहिलं. असं असं घडलं, सभेत असा ठराव झालेला मी पाहिलेला नाही, नावं मी टाकली, सबब हा ठराव रद्द समजावा. खाली सही केली. तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं कागद घेतला, आवक शिक्का मारला, पोच दिली आणि चौकशी होईल म्हणाला. निघताना मला वाटलं, आता काही खरं नाही, आता बोलावतील.

कुणी बोलावलं नाही. पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा कागद साहेबांच्या टेबलावर होता. महिन्यानं गेलो, तेव्हा साहेब बदलून गेले होते. ज्या शिक्षेला मी तीन आठवडे भ्यालो ती झालीच नाही. झाली असती तर निदान कुणीतरी तो कागद वाचला असं म्हणता आलं असतं. ग्रामसेवक माझ्याशी पहिल्यासारखाच बोलतो. एकदा तर हसत म्हणाला, "सर, तुम्ही आता लिहीत नाई म्हणता, तं शाळेत चांगल्या अक्षराचं कोणी लेकरू असलं तर सांगजा. नुसतं उतरवाचं काम हाये." मी तिथून निघून आलो. तडकून काही बोलायला हवं होतं, तेही जमलं नाही.

त्याआधी मार्चमध्येच तलावाच्या पाळीवर फलक लागला होता. विनापरवाना मासेमारी करण्यास मनाई आहे. ठेकेदाराची दोन माणसं तिथं झोपडी बांधून राहायला आली. वस्तीतल्या पुरुषांना सांगण्यात आलं की मासे काढायला या, रोजी मिळेल, पण मासा पाळीवरून घरी न्यायचा नाही. काही जण जातात. बाई आता बाजारात बसत नाहीत, रस्त्याच्या कामावर जातात. एकदा सायकलवरून जाताना त्या मला दिसल्या, डोक्यावर गिट्टीची पाटी होती. मी उतरलो. मुलीच्या अभ्यासाचं विचारलं. "वाचते बापा दिवसभर," त्या म्हणाल्या. "तुमचाच विषय वाचते."

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा झाली. पेपर मीच काढला होता, आणि जुन्या सवयीनं एका वाक्यात उत्तरं लिहा या प्रश्नात ग्रामसभा घातली होती. ग्रामसभेत निर्णय कोण घेते? घालताना मनात काही आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. तपासताना तिचा पेपर आला. बाकी सगळं बरोबर होतं, विधानसभा, राज्यपाल, सगळं. या प्रश्नापुढं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ग्रामसभेत सर लिहितात तो निर्णय असतो.

तिनं टोमणा मारला असेल असं मला वाटत नाही. ती तशी मुलगी नाही. तिनं जे पाहिलं ते लिहिलं होतं. पण उत्तरसूचीत तसं नव्हतं, आणि गुण देऊन टाकायचे तर ते कशासाठी दिले हे कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होतो? मी फुली मारली. एक गुण गेला.

पेपर दाखवायच्या दिवशी ती टेबलाशी आली. बोट त्या फुलीवर. "सर, हे चूक हाये का?"

वर्गात गलबला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. भिंतीवर माझा तक्ता होता, लाल बाणांचा. मी म्हणालो, "पुस्तकात तसं नाही."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही, रुसली नाही. जागेवर जाऊन बसली, पुस्तक उघडून बरोबर उत्तर शोधलं आणि फुलीखाली लिहून मला दाखवायला घेऊन आली. गावातले सगळे मतदार मिळून निर्णय घेतात. दोन्ही 'ळ'ना शेपटी होती. मी बरोबरची खूण केली आणि पेपर तिला परत दिला.